रुमालाखालचा खुळखुळा

दवाखान्यात सिस्टरनं खुळखुळा पांढऱ्या रुमालाखाली झाकला आणि समोर बसलेल्या चिमुकल्या मुंगीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"अगंबाई, कुठे गेला?" सिस्टर म्हणाली. "शोध बघू!"

मुंगी रुमालाकडे बघत राहिली. हात काही पुढे आले नाहीत.

"पुन्हा करा ना एकदा," तिच्यामागे सतरंजीवर बसलेला बाप म्हणाला. "तिचं लक्ष नव्हतं."

लक्ष होतं. सिस्टरला ते दिसत होतं. तरी तिनं खुळखुळा काढला, वाजवला, मुंगीच्या डोळ्यांसमोर पुन्हा झाकला. मुंगीनं मान खाली घातली.

वर्षाच्या मुलाला एवढं यायला हवं. झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती खालीच असते, हे तोवर त्याला कळलेलं असतं. ते कापड ओढतं आणि वस्तू घेतं. काही पोरं तर रुमालच घेऊन पळतात. मुंगी वर्षाची होऊन गेली होती.

"घरी कशी असते?" सिस्टरनं विचारलं.

"आधी बडबडायची. मामा, बाबा, दिवसभर तेच. आई गेल्यापासून गप्प आहे." बाप सुतार होता. कामावरून तसाच आला होता, बाह्यांवर भुसा होता. "हाक मारली की बघते. तेवढंच."

"आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात हो," खुर्चीवर बसलेली आत्या म्हणाली. "हा माझा भाऊ अडीच वर्षांचा होईपर्यंत मुका होता. बोलायला लागला तेव्हा आई म्हणाली, होता तोच बरा होता."

कुणी हसलं नाही.

"बोलण्याचं राहू द्या," सिस्टर म्हणाली. "मला हे रुमालाचं खटकतंय. आणखी थोडं करून बघते. नाहीतर मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल."

"काय दाखवायचं?"

"तिला कितपत कळतंय ते."

बायको गेल्यापासून जो भेटेल तो बापाला एकच सांगत होता. एवढीशी पोर, तिला काय कळतंय. शेजाऱ्यांनी सांगितलं, बरोबरच्या कामगारांनी सांगितलं, बहीण तर रोजच सांगत होती. त्यालाही ते पटलं होतं. जे काही आहे ते आपल्या एकट्याच्या वाट्याला आलंय, पोरीपर्यंत पोचलेलं नाही, एवढ्यावर तो दिवस ढकलत होता. आज तेच सिस्टरच्या तोंडून ऐकलं आणि तो मुंगीच्या आणखी जवळ सरकला.

सिस्टरनं ठोकळे दिले. मुंगीनं एकावर एक ठेवले, वर तिसराही ठेवला.

"सुताराची पोर आहे ती," आत्या पुटपुटली.

सिस्टरनं सतरंजीवर एक मनुका ठेवली. मुंगीनं ती दोन बोटांनी उचलून तोंडात टाकली. सिस्टरनं मागून टिचकी वाजवली. मुंगी वळली. सगळं जिथल्या तिथे होतं. सिस्टर बुचकळ्यात पडली. मग तिनं चहाचा कागदी कप घेतला आणि एका ठोकळ्यावर उपडा ठेवला.

मुंगीनं कप उडवला आणि ठोकळा घेतला.

सिस्टरनं तोच ठोकळा रुमालाखाली झाकला. हात पुन्हा मागे गेले. या वेळी मुंगीनं मान वळवून आत्याकडे बघितलं. मग सिस्टरनंही बघितलं.

"हिला कापडाला हात लावायची भीती बसलीय," सिस्टर म्हणाली. "घरी काही झालं होतं का?"

आत्यानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"वहिनीला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं," ती म्हणाली. "अंगावर चादर घातली होती. माणसांनी खोली भरली होती. ही मधूनच रांगत गेली आणि वहिनीच्या तोंडावरची चादर ओढली. ओढली आणि हसली हो. वहिनी रोज टॉवेल तोंडावर घेऊन बुवाकुक करायची ना तिच्याशी. हिला वाटलं, तेच चाललंय." ती थांबली. "सगळे एकदम ओरडले. माझा हात उठला. जोरात चापट बसली तिच्या हातावर."

बाप तेव्हा स्मशानात न्यायची गाडी बघायला बाहेर गेला होता. त्याला हे आत्ता कळत होतं.

"म्हणजे तिला..." तो म्हणाला.

"नाही, नाही. घाबरू नका. मोठ्या हॉस्पिटलात न्यायची काही गरज नाही," सिस्टर म्हणाली. "पोरीला सगळं कळतं."

हेच ऐकायला तो आला होता.

आत्या डोळे पुसत उठली आणि बाहेर गेली. सिस्टर बेसिनपाशी हात धुवायला वळली. बापानं सतरंजीवरचा रुमाल उचलला आणि तोंडावर धरला. त्याचे खांदे हलायला लागले.

मुंगीनं दाराकडे बघितलं. आत्या नव्हती. सिस्टरची पाठ होती. ती रांगत बापापाशी आली, त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं हळूच रुमाल ओढला. ओढतानाच ती हसली.

खाली बाबा निघाला. मुंगीनं त्याच्याकडे बघितलं, मग रुमाल उलटा केला आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला बघितलं.