रॉकेटवाल्यांचा हशा

ते हसणं भीमराजचं होतं. प्रभावतीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मागच्या गुरुवारीही तिने ते ऐकलं होतं. तेव्हा भास म्हणून सोडून दिलं. आज मात्र ती मुद्दाम लवकर येऊन टीव्हीला अगदी खेटून बसली होती.

आकुर्डीच्या त्या आळीत टीव्ही एकच, घरमालक बबनरावांचा. खिडकीशेजारी स्टुलावर ठेवलेला. दर गुरुवारी दिवेलागणीला सगळे भाडेकरू सतरंजीवर दाटीवाटीने बसत. त्या विनोदी मालिकेचं खरं नाव कुणाच्या ध्यानात राहत नसे, सगळे तिला 'रॉकेटवाले' म्हणत. चार इरसाल माणसं यानातून चंद्राकडे निघालेली आणि वाट चुकलेली. आज त्यांच्या आचाऱ्याने भाकरी थापायला घेतली होती. पिठाचा गोळा हातून सुटला आणि तरंगत वर गेला. त्याला धरायला आचारी उडाला, तो स्वतःच छताला जाऊन चिकटला. टीव्हीच्या पेटीतून हशा उसळला. खोलीही खदखदली. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, जरासं मागाहून, ते हसणं आलं.

आधी श्वास अडकल्यासारखी शांतता. मग उचकी. मग पाणी आटलेल्या हापशाचा दांडा हलवावा तशी खरखर. लग्नाच्या पंगतीत नवरदेव असा हसला तेव्हा तिच्या मैत्रिणी तोंडं लपवून फिदीफिदी करत होत्या. पुढे तेच हसणं त्याच्या कंपनीच्या गेटातून बाहेर पडणाऱ्या गर्दीतही तिला ओळखू यायचं. कावीळ झाली आणि भीमराज गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं.

"तात्या," तिने बबनरावांना हळूच विचारलं, "पेटीत हे हसतं कोण?"

"त्ये व्हय? भरून ठेवल्यालं असतंय." बबनरावांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं. "कवातरी कुनीतरी हसल्यालं. त्यातली निम्मी मानसं आता हायेत का न्हाईत, कुनाला ठावं!"

लोक हसले.

घरी हे सांगायचं तरी कुणाला? घरात फक्त सासू होती. मुलाच्या आजारपणात गिरजाबाई लातूरकडून आली, ती राहिलीच. वर्षभर दोघी एका खोलीत राहत होत्या आणि दिवसाकाठी चार शब्द बोलत होत्या. म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसे. माझ्या लेकाला हिनेच सांभाळलं नाही, असंच तिच्या मनात असणार, हे प्रभावतीने केव्हाच धरून ठेवलं होतं. शेवटी तिनेच दिराला निरोप धाडला होता. जयसिंग रविवारी येऊन आईला गावी नेणार होता. गिरजाबाईने ते ऐकलं आणि मुकाट्याने आपलं गाठोडं बांधायला घेतलं.

पडद्यावर यानाचा कप्तान कर्णा तोंडाशी धरून घसा फोडत होता, "हॅलो पृथ्वी! कोणी ऐकतंय का?"

बराच वेळ नुसती खरखर. मग पृथ्वीवरून उत्तर आलं, "बोला, केटरिंगवाले. किती पानं?"

पुन्हा हशा. प्रभावती हसली नाही. ती श्वास रोखून थांबली. मागाहून ते आलंच. शांतता, उचकी, खरखर. इतकं जवळून, की तिने न राहवून टीव्हीच्या तापलेल्या लाकडी पेटीवर हात ठेवला.

त्याच क्षणी वीज गेली.

पडद्यावरचा उजेड आक्रसत एका ठिपक्याएवढा झाला आणि विझला. "गेली का!" म्हणून सगळे हळहळले. बबनराव काडेपेटी शोधू लागले. आणि त्या अंधारात, बंद पडलेल्या टीव्हीच्या अंगाने, भीमराज हसला.

एक बाई "अगं आई गं" करत शेजारणीला बिलगली.

"कोन हाय रं?" बबनरावांचा आवाज चिरकला.

प्रभावती उठली. माणसांना तुडवत, चाचपडत ओट्यावर आली. भिंतीला धरून वळसा घालून खिडकीखाली गेली. चांदणं फिकट होतं. खिडकीच्या गजाला धरून, पालथ्या घातलेल्या बादलीवर कुणीतरी उभं होतं. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला. खांदे गदगदा हलत होते.

"आत्याबाई?"

गिरजाबाई दचकून खाली उतरली. पदर तोंडातून काढला तेव्हा तिचे डोळे वाहत होते.

"कुणाला सांगू नगंस माय," ती कळवळून म्हणाली. "लेकरू मातीत गेलं अन् मी दात काढायलेय. पर त्या मुडद्याला पिठाचा गोळा बी धरता येईना गं..."

आणि पुन्हा तिचा श्वास अडकला. उचकी आली. मग ती खरखर.

लग्नापासून जे हसणं प्रभावतीने आपल्या नवऱ्याचं मानलं, ते त्याने या बाईच्या मांडीवर बसून उचललेलं होतं. तिने सासूचा हात धरला आणि तिला बादलीवर बसवलं. स्वतः तिच्या पायाशी मातीत बसली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "अजून एकदा हसा."