झोळीची दोरी

ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी गावात वसतिगृह उघडलं, म्हणून सोजर यंदा पहिल्यांदाच आईबापाशिवाय शाळेसाठी मागे राहिली. पण पाढे लिहिताना तिचा पाय आपोआप मागेपुढे हलायचा.

"सोजे, झोके कुणाला देतीस गं?" मुली फिदीफिदी हसायच्या.

तिकडं उसाच्या फडाच्या कडेला धाकट्या भावाच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधूनच ती आजवर वाचत आली होती. आपल्याविना तो निजायचा नाही, या धास्तीनं 'मला घेऊन जा' म्हणायचं तिनं पक्कं केलं.

रविवारी वसतिगृहाच्या बाईंच्या मोबाइलवर आईचा फोन आला.

"आये, बाळ निजतंय का?"

"पडल्या पडल्या निजतंय. चुलतीचा लळा लागलाय त्याला. तू शाळा शीक, माय."

"मला हुडकत रडतं का?"

"न्हाई गं, अजिबात न्हाई."

 सोजर बाईंकडे पाठ करून हळूच म्हणाली, "जरासं तरी?"