घरची भाषा

त्र्याण्णव साली आमच्या चामराजपेटेतल्या घराच्या माडीवर लिगाया भाड्यानं राहायची. फिलिपिन्सची, इथं कॉलेजात शिकायला आलेली. एकदा म्हणाली, "अक्का, माझे आजोबा जपानी होते. ते सिद्ध झालं तर आईला आणि मला जपानचा व्हिसा मिळेल."

"मग कर की सिद्ध."

"कागद आजीनं जाळले. महायुद्धात जपाननं आमचा देश बळकावला होता; युद्धानंतर आमच्याकडे जपान्याचं मूल म्हटलं, की लोक जिवावर उठायचे."

आणि त्याच आजोबांवर आता व्हिसा? माझं डोकं चालेना. बरं, कागद नाहीत म्हणून एवढं काय अडलं? आम्ही तीनशे वर्षं बेंगळूरात आहोत. दाराबाहेर कन्नड, आत मराठी. आम्ही मराठी आहोत हे कुठल्या कागदावर लिहिलंय?

मी म्हटलं, "आईला सांग, अधिकाऱ्यापुढे सरळ जपानीत बोल. घरची भाषा लपत नाही."

"आईला जपानीतलं एकच वाक्य येतं, अक्का."

"सरी, एक तर एक. कुठलं?"

"'बोलू नकोस.' युद्ध संपताना सगळे जंगलात लपले होते, तेव्हा आजोबा तिच्या कानात तेवढंच म्हणायचे."