राहुकाळाआधीची सात मिनिटं

नाणेफेक हयग्रीवने जिंकली. आधी बॅटिंग घ्यायची की फिल्डिंग, हे आता कॅप्टन म्हणून त्यालाच सांगायचं होतं.

मंगळवार होता. तीनला राहुकाळ लागणार. पाहुण्या संघाची गाडी उशिरा आलेली, आणि राहुकाळात जो पहिली बॅट उचलेल तो बुडालाच, यावर कुंभकोणमच्या नऊच्या नऊ पोरांचं एकमत होतं.

सॉफ्टबॉल हा खेळच गावाला नवा. कॉलेजच्या सुंदरराव सारांनी तो मद्रासहून हौसेने आणला, आणि पोरांनी तीन सामने हरून त्याची पुरती शोभा केली. आज चौथा हरला तर बॅटी कायमच्या अडगळीत, असं प्रिन्सिपॉलनी साफ सांगितलं होतं.

"फिल्डिंगच मागतों, सार्," हयग्रीव हळूच म्हणाला. मराठी घरचे ते दोघेच. बाकीची पोरं तमिळ. "राहूचें काय तें त्यांचें ते बघतील."

"तिन्ही वेळां तेंच मागितलेंस. मागून धावा काढायच्या म्हटलें कीं तुमचे पाय लटपटतात. आज आधीं खेळा."

"पण वाजले किती, सार्?"

कॉलेजचं घड्याळ बावन्नच्या वादळापासून बंद, आणि पोरांच्या मनगटावर घड्याळं कुठली! सार मात्र एवढ्या उकाड्यातही लांब बाह्यांची बटणं लावून उभे होते. त्यांनी बाहीची कड एका बोटाने किंचित उचलली आणि आत डोकावलं.

"सात मिनिटें आहेत. पळ!"

हयग्रीव पळाला. सलामीला उतरलेल्या रंगा नावाच्या पोराने पहिलाच चेंडू थेट नारळीपर्यंत टोलवला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. राहूला चकवलं म्हटल्यावर पोरांच्या अंगात काय वारं शिरलं कोण जाणे!

तिसरा गडी खेळत होता तोच कॅन्टीनचा शंकरनारायण साडेतीनची कापी, म्हणजे कॉफी, घेऊन आला. आज बराच लवकर आला, असं हयग्रीवला वाटलं. पण कापीला नको कोण म्हणतो?

सामना तीन धावांनी जिंकला. प्रिन्सिपॉल स्वतः मैदानावर आले आणि पुढच्या वर्षी नवे ग्लव्हज घेऊ म्हणाले. खेळ वाचला होता. हयग्रीव सगळ्यांदेखत रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

संध्याकाळी देवळात नारळ फोडून तो अर्धी वाटी द्यायला सारांच्या घरी गेला. सार आंघोळीला गेले होते. त्यांच्या पत्नी महालक्ष्मीबाई दारात आल्या.

"सारांच्या घड्याळानें आज लाज राखली, मामी," तो म्हणाला.

"बरी आठवण केलीस, बाळा," बाई प्रसाद घेत म्हणाल्या. "बाजारांतून जाशील तर तें दुरुस्तीवाल्याकडून घेवून ये. गेल्या शुक्रवारपासून तिथेंच पडलें आहे."