गच्चीवरची होडी

“हा पलंग,” मुजीब म्हणाला आणि त्यानं गच्चीवर खडूनं एक चौकोन ओढला.

परवीन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. नवरा पहाटेपासून खडू घेऊन रांगत होता. होडीचा आराखडा कागदावर मनासारखा जमला होता. आता तो खऱ्या मापात मिरजेतल्या त्यांच्या गच्चीवर उतरत होता. शिडाची छोटी होडी, तिच्यात एक बुटकी खोली. जीपमागं ट्रेलरवर घालून न्यायची आणि कोयनेच्या पाण्यात सोडायची. चार-आठ दिवस तिच्यातच राहायचं. होडी कलंडू नये म्हणून मधोमध एक उभी फळी; पाण्यात खाली सोडायची, ट्रेलरवर चढवताना वर ओढून घ्यायची. फळीच्या एका अंगाला पलंग, दुसऱ्या अंगाला शेगडी आणि सामानाचं कपाट.

पलंग एकच.

लग्न झालं तेव्हापासून मुजीब मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळत होता. वर्षाकाठी दोन महिने घरी. मुलं तिनं एकटीनंच वाढवली. यंदा तो निवृत्त होऊन आला, तेव्हा तिला वाटलं होतं, सुटलो एकदाचे.

“म्हंजे परत पाण्यावर. आन परत एकटंच,” ती म्हणाली.

“दुसरा पलंग घातला तर वजन वाढतंय. जीप घाट चढायची न्हाई.” त्यानं हात झटकले. “जरा आडवी हो बघू ह्यात.”

“मी कशाला?”

“हो तर खरी.”

ती चौकोनात आडवी झाली. फरशी अजून गार होती. डोकं एका रेघेला टेकलं, टाचा दुसरीला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातूनसुद्धा वाकून येणारा माणूस.

“आवं, तुमी ह्यात मावायचं न्हाई.”

“माझा न्हाईच त्यो. तुझा हाय.”

“आन तुमी?”

“मी बसीन की सुकाणूपाशी. जागायची सवय हाय मला.”

परवीन तशीच आभाळाकडं बघत पडून राहिली. आयुष्यभर लांब राहिलेल्या माणसाला तिचं माप बिनचूक ठाऊक होतं. मग ती उठली. ओढणीच्या टोकानं तिनं खडूची शेगडी पुसली, खडूचं कपाट पुसलं आणि त्याच्या हातातला खडू काढून घेतला.

“सैपाक काठावर करू,” ती म्हणाली. “आता तुमी व्हा आडवं. पाय लांब करा, मी रेघ वढते.”