अकरा गोळ्या

नाटकातला फिदेन्सिओ खऱ्या फिदेन्सिओपेक्षा चांगला वीतभर उंच होता आणि त्याची मिशी एका बाजूने सुटत चालली होती. खरा फिदेन्सिओ तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम बसला होता. मिशी पडू नये म्हणून तो मनातल्या मनात देवाला विनवत होता. काही झालं तरी ती त्याचीच मिशी.

"कोंपाद्रे, तुला फारच देखणा केलाय," शेजारी बसलेला त्याचा जुना दोस्त चोन कुजबुजला. "कुणीतरी तक्रार करायला हवी."

नाटकघर म्हणजे शिकागोच्या मेक्सिकन वस्तीतलं जुनं गाद्यांचं दुकान. नाटक अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी. स्पॅनिश विनोदाला पुढच्या म्हाताऱ्या हसत, इंग्रजीला मागची गोरी पोरं. दोन्ही भाषा येणारे दोन्हीकडे हसत आणि मधल्या वेळात इतरांची कीव करत. फिदेन्सिओला कामापुरतं इंग्रजी येई. त्याचं काम कोंबड्या कापण्याचं, आणि कोंबड्या फारसं बोलत नाहीत.

नाटक लिहिलं होतं त्याच्या मुलीनं, येसेनियानं. ती सहा वर्षांची असताना तिची आई, आंपारो, गेली. मावशी तिला टेक्सासला घेऊन गेली. तेव्हापासून ती नाताळाला फोन करी आणि बापाला 'डॉन फिदेन्सिओ' म्हणे, घरमालकाला म्हणावं तसं. आई कशी गेली हे मावशीनं सांगितलं होतं. या महिन्यात तिनं स्वतःहून बोलावलं. नाटक बघा, मग आपलं काय ते ठरवू, म्हणाली. फिदेन्सिओनं परसातली खोली रंगवून ठेवली होती. ती राहायला आलीच तर.

रंगमंचावर आता आंपारो खाटेवर होती. कोपऱ्यातल्या पाळण्यात येसेनिया झोपलेली, नाटकात तिला तान्ही केलं होतं. तिचं काम एका बाहुलीला दिलं होतं. उंच फिदेन्सिओनं हृदयाच्या गोळ्यांची बाटली दिव्यापाशी धरली. वर इंग्रजीत लिहिलं होतं, दिवसातून एकदा. इंग्रजीतलं 'एकदा' आणि स्पॅनिशमधलं 'अकरा' यांचं स्पेलिंग हुबेहूब एक.

"ओन्से," तो म्हणाला. अकरा.

तो एकेक गोळी मोजू लागला. लोक आधी हसले. मग पुढच्या म्हाताऱ्यांना कळलं, त्या गप्प झाल्या. मागच्यांना थोड्या वेळानं कळलं.

"एवढ्या?" खाटेवरच्या आंपारोनं विचारलं.

"डॉक्टर शिकलेला माणूस आहे, बाई. घे."

दिवे गेले. चोननं रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि धूळ फार आहे म्हणाला.

नाटकानंतर तिथे गप्पांचा रिवाज होता. येसेनिया खुर्ची ओढून रंगमंचावर बसली. मागून एका बाईनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. येसेनियानं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, सांगताना ती तिसऱ्या रांगेकडे बघत होती.

"त्या विचारतायत, या माणसानं कुणालाच कसं विचारलं नाही? मलाही तेच विचारायचंय, डॉन फिदेन्सिओ. तुम्ही चुकलात याचा मला राग नाही. पण एका, एका माणसाला जरी विचारलं असतं ना, तरी मी आज तुमच्याबरोबर घरी आले असते."

सगळ्या माना वळल्या. चोननं कोपर मारलं. विचारलं होतं म्हण, असं तो दातांतल्या दातांत म्हणत होता. शेजाऱ्याचं नाव घे, पाद्र्याचं घे, मेलेत सगळे.

फिदेन्सिओ उभा राहिला. त्यानं मुलीकडे पाहिलं. तिची हनुवटी अगदी आंपारोची होती.

"कुणालाच नाही विचारलं," तो म्हणाला. "मला वाटलं, मला सगळं कळतं."

येसेनियानं मान हलवली. "आभारी आहे," म्हणाली, आणि पुढचा प्रश्न घेतला.

फिदेन्सिओ टोपी शोधत खाली बसला. त्याला इंग्रजीच काय, स्पॅनिशही वाचता येत नव्हतं. त्या दिवशी त्यानं ती बाटली घरातल्या एकुलत्या एक शिकलेल्या माणसापुढे धरली होती. त्या माणसाचे पुढचे दोन दात पडलेले होते, त्याच आठवड्यात शाळेत स्पॅनिश आकडे अक्षरांत शिकवले होते, आणि शब्द ओळखता आला म्हणून तिनं आनंदानं टाळ्या पिटल्या होत्या, "ओन्से, पापा, ओन्से."