मंगळावरचं कुलूप

"याचं तोंड पूस आधी," संपादक क्रुलसाहेबांनी पानावर बोट आपटलं. "आणि तिथे राक्षस काढ. मंगळावरचा."

झेलिगने हातातला ब्रश खाली ठेवला नाही. त्याच्या चित्रकथेतल्या कॅप्टन कडाकाची ही चौथीच गोष्ट. पानावर कॅप्टनने शिवणकामाच्या कारखान्याचं लोखंडी दार बिजागऱ्यांसकट उपटलं होतं आणि मालकाला मानगुटीला धरून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवलं होतं. मागे मुली दारातून धावत बाहेर पडत होत्या.

"कॅप्टनने खाणमालकाला बदडलं तेव्हा तुम्हीच माझी पाठ थोपटलीत!"

"तेव्हा आपल्या अंकाला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. आता सगळं न्यूयॉर्क वाचतं. बड्या लोकांचे फोन येतात मला. यापुढे कॅप्टन मालकांच्या अंगाला हात लावणार नाही. राक्षस हवे तेवढे झोड."

वा रे वा! आगगाडी खांद्यावर पेलणारा गडी, आणि भ्यायचं कुणाला, तर पोट सुटलेल्या मालकाला!

"साहेब, हे दार खरं आहे," झेलिगचा आवाज चढला. "माझी बहीण फ्रूमा रोज त्या दारामागे शिवायला बसते. दिवसभर दाराला कुलूप. का, तर म्हणे पोरी कापडाचे तुकडे चोरतात! मागच्या महिन्यात इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला. किल्ल्या मालकाच्या कमरेला, आणि मालक गेलेला जेवायला. पोरींनी चहाच्या किटल्या ओतून आग विझवली."

"मग तक्रार करा."

"केली. सरकारी तपासनीस आला, मालकाबरोबर चिरूट ओढला आणि गेला."

क्रुलसाहेबांनी घड्याळ बघितलं. "चारला छापखान्याचा माणूस येतोय. राक्षस दिसला नाही तर उद्यापासून तू इथे दिसायचं नाहीस."

झेलिगला राग असा आला, की दौत भिंतीवर फेकावी. पण पान फाडलं असतं तर दारही गेलं असतं आणि पोरीही. त्याने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. मालकाच्या तोंडावर जाड थर दिला, फुंकर मारून वाळवला आणि त्यावर तीन डोळे काढले, दोन शिंगं काढली. गळ्याखाली हात लावायला वेळच नव्हता. पट्ट्यांचा वेस्टकोट राहिला. सुटलेलं पोट राहिलं. कमरेचा जुडगाही राहिला.

"झकास!" क्रुलसाहेब खूश झाले. "आता कुणाच्या बापाला राग यायचं कारण नाही. पण हे कमरेला काय लटकतंय?"

"किल्ल्या."

"मंगळावर?"

"लोकांना कोंडायचं म्हटलं की किल्ल्या आल्याच, साहेब."

चार वाजले होते. साहेबांनी खांदे उडवले आणि पान पाकिटात घातलं.

अंक बाहेर पडला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रूमा तो कोटात लपवून कारखान्यात घेऊन गेली. दुपारपर्यंत तो चाळीस मशिनांवरून फिरला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही राक्षस बघितला, कमरेचा जुडगा बघितला आणि तोंडावर हात दाबून हसल्या.

"अगं बाई, हा तर आपलाच!"

"शिंगं तेवढी नवी."

जेवण उरकून मालक वर आला. बाहेरून कुलूप निघालं, तो आत आला आणि सवयीने दाराला आतून पुन्हा कुलूप लावायला वळला. कमरेच्या किल्ल्या खुळखुळल्या.

आधी फ्रूमाचं मशिन थांबलं. मग तिच्या शेजारचं. मग सगळीच. इतकी शांतता त्या मजल्यावर कुणी कधी ऐकली नव्हती.

"काय झालं?" मालक ओरडला. "हातांना लकवा मारलाय का? चालवा मशिनं!"

फ्रूमा उठून उभी राहिली. आवाज खणखणीत होता.

"कॅप्टनची वाट बघतोय, साहेब. तो येऊन दार उपटेपर्यंत आम्ही अशाच बसणार. नाहीतर मग तुम्हीच उघडं ठेवा."